न्हाणीघरातील गिझर आणि मीटरनंतरची बेवारस सुरक्षा

पावसाळा आला की गोव्यात विजेची चर्चा रस्त्यावरच्या खांबांभोवती फिरू लागते. माडाची झावळी तारांवर पडणे, ट्रान्सफॉर्मर जळणे, रात्रभर गाव अंधारात राहणे, खांबावर चढलेल्या लाइनमनची सुरक्षा, भूमिगत वाहिन्यांचे रखडलेले काम हे सारे विषय विधानसभेत आणि वर्तमानपत्रांत हक्काने जागा मिळवतात. ते योग्यच आहे. मात्र ही चर्चा घराच्या मीटरपाशी येऊन थांबते. मीटरच्या पुढे, भिंतीआड गेलेल्या तारांचे काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. घरातला विजेचा सर्वांत मोठा भार आणि सर्वांत ओली जागा ज्या ठिकाणी एकत्र येतात, ते न्हाणीघर तर या चर्चेबाहेरच राहते.

देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरण पावतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांतून दिसते. शेतातील पंप, तुटलेल्या वाहिन्या, बांधकामाच्या जागा यांबरोबर घरातील मृत्यूही त्यात येतात. घरातला असा मृत्यू 'दुर्दैवी अपघात' म्हणून नोंदला जातो आणि विसरला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्यामागे दुर्दैवापेक्षा एक बारीक तार, एक सैल जोड आणि न बसवलेले एक संरक्षक उपकरण असते. ही तिन्ही कारणे टाळता येण्याजोगी आहेत, म्हणूनच हा विषय केवळ घरगुती दक्षतेचा न राहता सार्वजनिक धोरणाचा होतो.

भाणापासून झटपट गिझरपर्यंत

गोमंतकीय घरात दोन-तीन पिढ्यांपूर्वी आंघोळीचे पाणी चुलीवरच्या तांब्याच्या भाणात तापत असे. पुढे पाण्यात सोडायचा रॉड आला, मग साठवणुकीचा गिझर आणि आता हातभर उंचीचा झटपट गिझर. या प्रत्येक टप्प्यावर सोय वाढली, पण भिंतीतल्या तारा बहुधा त्याच राहिल्या. दिवे, पंखे आणि रेडिओ यांच्यासाठी ओढलेल्या वायरिंगवर आज तीन ते साडेचार किलोवॅटचे उपकरण चालवले जाते. साडेचार किलोवॅट म्हणजे नऊ वॅटचे पाचशे एलईडी दिवे किंवा छताचे साठ पंखे एकाच वेळी लावण्यासारखे आहे. इतका भार एका खोलीत, एका जोडणीवर येतो, याची जाणीव गिझर विकत घेताना क्वचितच असते.

हा भार का वाढला, तेही समजण्यासारखे आहे. झटपट गिझरमध्ये पाणी साठत नाही, ते वाहता वाहता तापते. पंचवीस अंशांचे पाणी चाळीस अंशांवर न्यायचे तर तीन किलोवॅटचा गिझर मिनिटाला जेमतेम तीन लिटर पाणी देतो. शॉवरला ही धार अपुरी वाटते, म्हणून ग्राहक साडेचार किलोवॅटकडे वळतो. तेथे मिनिटाला सव्वाचार लिटर पाणी मिळते. दुकानात हा फरक काही शे रुपयांचा असतो. भिंतीतल्या तारेसाठी मात्र तो तेरा अँपिअर आणि साडेएकोणीस अँपिअर यांमधला फरक आहे.

घरातले तीन जाड पिनांचे, ज्याला बोलीत 'पॉवर प्लग' म्हणतात ते सॉकेट सोळा अँपिअरसाठी बनवलेले असते. तीन किलोवॅटचा गिझर त्यात बसतो. साडेचार किलोवॅटचा बसत नाही, तरीही अनेक ठिकाणी तो तसाच जोडलेला आढळतो. काही दिवसांनी प्लग पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, जळका वास येतो. प्लग बदलला जातो आणि कारण तसेच राहते.

झटपट गिझरने आणखी एक गोष्ट बदलली, आणि ती अधिक गंभीर आहे. साठवणुकीच्या गिझरच्या बाबतीत घरातली वडीलधारी मंडळी एक नियम पाळत आली: पाणी तापवा, बटण बंद करा, मगच आंघोळीला जा. हा नियम शास्त्रशुद्ध होता. झटपट गिझरला तो लागू करता येत नाही, कारण पाणी वाहत असतानाच तो चालतो. अंगावर पाणी पडत असताना वीज सुरूच असते. म्हणजे माणसाच्या सावधगिरीने जे संरक्षण मिळत होते, ते आता केवळ वायरिंगनेच द्यायचे आहे. ज्या घरांत वायरिंग ते देऊ शकत नाही, त्या घरांत सोय वाढली आणि सुरक्षा घटली.

तारेची जाडी आणि सैल जोड

तारेतून वाहणाऱ्या प्रवाहाने निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दीडपट झाला तर उष्णता सव्वादोन पट होते. मुख्य बोर्डापासून पंधरा मीटर अंतरावर असलेल्या न्हाणीघराचे उदाहरण घेता येईल. जाण्यायेण्याची मिळून तीस मीटर तार होते. ती एक चौरस मिलिमीटर तांब्याची असेल, तर तीन किलोवॅटच्या गिझरला त्या तारेतच नव्वद वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. अडीच चौरस मिलिमीटरची तार वापरली तर हाच आकडा चाळीसच्या खाली येतो. पाइपात चार-पाच जोडण्यांच्या तारा एकत्र कोंबलेल्या असतील, तर उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही आणि तारेची प्रत्यक्ष क्षमता छापील आकड्यापेक्षाही कमी होते.

तारेपेक्षाही जोड अधिक घातक ठरतो. सैल स्क्रू किंवा पिळून टेप गुंडाळलेला सांधा यांचा रोध अवघा एक दशांश ओहम धरला, तरी साडेचार किलोवॅटच्या गिझरला त्या एका बिंदूवर जवळजवळ अडतीस वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न साधारण पंचवीस ते पस्तीस वॅटचे असते. म्हणजे प्रत्येक आंघोळीच्या वेळी भिंतीतल्या पेटीत, प्लॅस्टिकच्या मधोमध, एक सोल्डरिंग आयर्न पेटते. घराला लागणाऱ्या ज्या आगींना सरसकट 'शॉर्टसर्किट' हे नाव दिले जाते, त्यांतील अनेकींची सुरुवात अशा सांध्यात होत असते.

जुन्या घरांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. लाकडी पट्टीवरून गेलेल्या तारा, त्यांत अनेक ठिकाणी ॲल्युमिनियम, आणि त्याला नंतर जोडलेले तांबे असा संकर किनारपट्टीच्या खारट, दमट हवेत लवकर गंजतो. घराला नवा रंग, नवी फरशी, नवे नळ मिळतात. तारा मात्र आजोबांच्या काळच्या राहतात.

एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही

सर्वांत मोठा गैरसमज संरक्षणाबाबत आहे. 'घरात एमसीबी आहे, काळजी नाही' असे सर्रास म्हटले जाते. एमसीबीचे काम तारेला आगीपासून वाचवण्याचे आहे. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळा अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागल्यावरच जागा होतो, आणि क्षणार्धात बंद होण्यासाठी तर त्याला त्याच्या कित्येक पट प्रवाह लागतो. ओल्या माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० व्होल्टला त्यातून सुमारे पाव अँपिअर प्रवाह जातो. हृदयाची लय बिघडवायला तो पुरेसा आहे, एमसीबीच्या दृष्टीने मात्र तो नगण्य आहे. माणूस कोसळतो आणि एमसीबी सुरूच राहतो.

माणसाला वाचवणारे उपकरण वेगळे आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. जुन्या पिढीतले वायरमन 'ईएलसीबी' हे नाव वापरतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो का, हे तो सतत तपासतो. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज दुसऱ्या वाटेने, कदाचित एखाद्या शरीरातून, जमिनीकडे चालली आहे असे धरून तो सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो.

त्याची जोडीदार म्हणजे अर्थिंग. पाण्यातील क्षारांमुळे गिझरच्या तापणाऱ्या कांडीचे आवरण कालांतराने झिजते आणि वीज टाकीच्या धातूत व पाण्यात उतरू लागते. अर्थिंग चांगले असेल तर ही गळती माणूस नळाला हात लावण्यापूर्वीच जमिनीकडे जाते आणि आरसीसीबी बंद पडतो. गोव्यात याच ठिकाणी भूगोल आड येतो. राज्याचा मोठा भाग जांभ्याच्या, म्हणजे चिऱ्याच्या पठारावर आहे. कोरड्या जांभ्यातून वीज सहजी वाहत नाही. पावसात ठीक वाटणारा अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मे महिन्यांत कोरडा पडून निकामी होऊ शकतो. अशा अर्थिंगचा रोध दहा ओहम असला, तर पूर्ण दोष निर्माण होऊनही तेवीस अँपिअरच प्रवाह वाहतो आणि सोळा अँपिअरचा एमसीबी तत्काळ बंद होत नाही. तेवढा वेळ गिझरचे धातूचे अंग जिवंत राहते. म्हणून येथे आरसीसीबीला चैनीची वस्तू म्हणता येत नाही.

पूर्वी अनेक घरांत अर्थिंगची तार लोखंडी नळाला बांधलेली असे. आता नळ प्लॅस्टिकचे झाले. नळ बदलताना आपण घराचे अर्थिंगही तोडले, हे प्लंबरला ठाऊक नसते आणि घरमालकाला कोणी सांगत नाही. काही ठिकाणी अर्थिंगच नाही म्हणून सॉकेटमधली अर्थची पिन न्यूट्रलला जोडून दिली जाते. हा प्रकार जीवघेणा आहे. मागे कोठे न्यूट्रल तुटले, तर गिझरचे संपूर्ण धातूचे अंग २३० व्होल्टवर येते.

नियम आहेत, पण कोणासाठी?

कायद्याचा अभाव आहे असे म्हणता येणार नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५३ खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरण सुरक्षेचे नियम करते. २०१० च्या नियमांत पाच किलोवॅट व त्याहून अधिक भाराच्या घरगुती जोडणीलाही गळतीसंरक्षक उपकरण लावण्याची अट आली. २०२३ मध्ये या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली, तरी गळतीसंरक्षणाची अट कायम राहिली. तारा, स्विच, एमसीबी आणि साठवणुकीचे गिझर यांना प्रमाणचिन्ह सक्तीचे करणारा आदेशही २००३ पासूनचा आहे. वायरिंग कसे असावे हे भारतीय मानक ७३२ सांगते, अर्थिंग कसे असावे हे मानक ३०४३ सांगते.

२०१० च्या नियमांतले एक वाक्य या साऱ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. घरातील वायरिंगचे कोणतेही काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व्हावे, असे तेथे म्हटले आहे. अपवाद आहे तो दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे बदलण्याचा, आणि तोही जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तरच. बाजार गिझरला 'घरगुती उपकरण' समजतो, त्यामुळे तो अपवादात मोडतो असे सर्वांनी मनोमन ठरवून टाकले आहे. परंतु जिथे दिव्याची जोडणी होती तिथे साडेचार किलोवॅट लावणे म्हणजे क्षमता आणि स्वरूप दोन्ही बदलणेच आहे. ही केवळ खरेदी राहत नाही, ते वायरिंगचे काम ठरते.

हे एकदा मान्य केले की जबाबदारीची साखळी कुठे तुटते ते दिसते. दुकानदार गिझर विकतो. बसवायला आलेला तंत्रज्ञ तो भिंतीला लावून प्लगपर्यंत पोहोचतो, कारण त्यापुढचे वायरिंग ग्राहकाचे. वायरमन सांगितले तेवढे काम करतो. घरमालक भाडेकरूकडे बोट दाखवतो. वीज खात्याकडे जोडणीच्या वेळी कंत्राटदाराचा चाचणी अहवाल येतो, पण त्यानंतर घरात वाढलेल्या भाराची खबर खात्याला क्वचितच लागते. जोडण्यांची ठरावीक काळाने, अधिकाधिक पाच वर्षांनी तपासणी व्हावी, हे तत्त्व २०१० च्या नियमांत होते. सर्वसामान्य घरापर्यंत ते पोहोचल्याचे दिसत नाही.

स्विंडनमधील न्हाणीघराचा धडा

गोव्यातील अनेक कुटुंबांचे नातेवाईक पोर्तुगीज पारपत्रावर इंग्लंडमध्ये, विशेषतः स्विंडन आणि लंडनच्या परिसरात स्थायिक झाले आहेत. तिथल्या घरांत विजेचा शॉवर सर्रास आढळतो आणि त्याचा भार इथल्या गिझरच्या दुप्पट असतो. हिवाळ्यात नळाचे पाणी अतिशय थंड असल्याने नऊ किलोवॅटचा शॉवर तिथे सामान्य मानला जातो. तो एकोणचाळीस अँपिअर प्रवाह ओढतो. त्यासाठी मुख्य बोर्डापासून थेट शॉवरपर्यंत स्वतंत्र केबल टाकतात. ती सहसा दहा चौरस मिलिमीटरची असते. दोन्ही तारा एकदम तोडणारा स्विच आणि तीस मिलिअँपिअरचे गळतीसंरक्षण हे तिथे गृहीतच असते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून घरातील वीजकाम इमारतविषयक नियमांच्या कक्षेत आणले गेले. घरात नवी विद्युतजोडणी घ्यायची किंवा न्हाणीघरात शॉवरच्या आसपास वायरिंग बदलायचे, तर ते काम नोंदणीकृत व्यक्तीने स्वतः प्रमाणित करावे लागते, अथवा स्थानिक प्राधिकरणाला कळवावे लागते. काम झाल्यावर घरमालकाच्या हाती प्रमाणपत्र येते आणि घर विकताना खरेदीदाराचा वकील ते मागू शकतो. तिथला माणूस इथल्यापेक्षा अधिक सावध असतो असे नाही. तिथल्या व्यवस्थेने शॉवरची केबल हे कोणाच्या तरी सहीचे काम ठरवले, इतकाच फरक आहे. पणजीतल्या किंवा मडगावातल्या गिझरच्या तारेवर कोणाचीच सही नसते.

काय करता येईल

घरापुरते उत्तर अवघड नाही. गिझरसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन असावी आणि मध्ये कुठेही सांधा नसावा. तीन किलोवॅटपर्यंत तांब्याची किमान अडीच चौरस मिलिमीटर तार व सोळा अँपिअरचा एमसीबी, साडेचार किलोवॅटला चार चौरस मिलिमीटर तार व पंचवीस अँपिअरचा एमसीबी हे साधारण प्रमाण आहे. अंतर जास्त असेल किंवा पाइपात गर्दी असेल तर तार आणखी जाड घ्यावी लागते. साडेचार किलोवॅटचा गिझर प्लगवर न लावता पुरेशा क्षमतेच्या डबल पोल स्विचमधून थेट जोडावा. स्विच न्हाणीघराबाहेर किंवा पाण्याच्या तुषारांपासून दूर असावा. फेज-न्यूट्रलसोबत अर्थची हिरवी तार अखंड आलेली असावी आणि या साऱ्यावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा.

त्या आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहणे घरातल्या कोणालाही जमते. मात्र ते बटण केवळ उपकरण चालते एवढेच सांगते, अर्थिंग चांगले आहे की नाही ते सांगत नाही. अर्थिंगची मोजणी वायरमनकडून उन्हाळ्याच्या अखेरीस, जमीन सर्वांत कोरडी असताना करून घेणे शहाणपणाचे. पावसाळ्यात 'सारखा पडतो' म्हणून आरसीसीबी वगळून जोडणी करून घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की तो विनाकारण पडत नाही. घरात कुठेतरी ओल तारेपर्यंत पोहोचल्याची ती सूचना असते.

खर्चाचा आक्षेप येईल. आरसीसीबीची किंमत मात्र साधारणतः एका मध्यम गिझरच्या किमतीहून जास्त नसते. खरा खर्च जुन्या वायरिंगचा असतो. तो अनेकांना एकदम झेपणार नाही, हेही खरे. म्हणूनच राज्याने आपला वाटा उचलणे आवश्यक आहे. गोव्यात वीजवितरण अजूनही सरकारी खात्याच्याच हाती आहे. अनेक राज्यांत ते कंपन्यांकडे गेले. त्यामुळे येथे पुरवठादार आणि धोरणकर्ता वेगळे नाहीत. घरोघरी मासिक वाचनासाठी जाणारी यंत्रणा, बिलासोबत जाणारा कागद, भारवाढीचा अर्ज ही साधने खात्याच्या हातात आहेत. बिलावर आरसीसीबीविषयी चार ओळी छापणे, भारवाढीच्या अर्जासोबत गळतीसंरक्षणाची चाचणी मागणे, अल्प उत्पन्न गटातील जुन्या घरांना पहिला आरसीसीबी अनुदानावर देणे यांसाठी नव्या कायद्याची गरज नाही.

भाड्याच्या खोल्यांचा विचार वेगळा करावा लागेल. औद्योगिक वसाहतींभोवतीच्या चाळी, विद्यार्थ्यांच्या खोल्या, किनारपट्टीवरील अतिथिगृहे या ठिकाणी न्हाणीघर वापरणाऱ्याला तारांविषयी काहीच ठाऊक नसते आणि त्या बदलण्याचा अधिकारही नसतो. पर्यटन व्यवसायाची नोंदणी १९८२ च्या कायद्याखाली होतच असते. तिच्या नूतनीकरणाशी परवानाधारक कंत्राटदाराचा वीजचाचणी अहवाल जोडला, तर हजारो न्हाणीघरे एका फटक्यात तपासणीखाली येतील. या अटीतून कागदी दाखल्यांचा नवा बाजार उभा राहण्याची भीती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून अहवालात अर्थिंगचा प्रत्यक्ष मोजलेला रोध आणि आरसीसीबी किती वेळात तुटला हे आकडे बंधनकारक करावेत आणि त्यांतील काही अहवालांची फेरतपासणी व्हावी.

शेवटचा मुद्दा माहितीचा. वीज अपघात झाल्यास तो कळवणे कायद्याच्या कलम १६१ नुसार आवश्यक आहे आणि विद्युत निरीक्षकाकडून त्याची चौकशी होऊ शकते. अशा चौकशांतून निघालेले कारण, म्हणजे तार बारीक होती, अर्थिंग नव्हते की आरसीसीबी वगळलेला होता, हे नावे वगळून दरवर्षी प्रसिद्ध केले, तर पुढच्या घराला त्यातून शिकता येईल. आज मृत्यूची बातमी छापली जाते, कारण छापले जात नाही.

खांबावरच्या तारेची जबाबदारी खात्याची आहे, हे नागरिकाला ठाऊक असल्याने तो प्रश्न विचारतो. भिंतीतल्या तारेची जबाबदारी आपली आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि ज्यांनी ते सांगायचे ते मीटरपाशी थांबतात. गिझरच्या विक्रीबरोबर तारेचा प्रश्नही विचारला जाईल आणि त्या तारेवर कोणाची तरी सही असेल, एवढा बदल घडला तरी येत्या पावसाळ्यात काही घरांतले न्हाणीघर अधिक सुरक्षित असेल.